आमच्या साहित्यातला मालक

१

दलित साहित्यातला पाटील वाचकांच्या चांगला ओळखीचा आहे. त्याचा वाडा, त्याची ओसरी, त्याच्या तोंडची शिवी, वरून पाणी ओतणारी त्याच्या घरची बाई, हे सर्व आमच्या आत्मकथनांनी इतक्या नेमकेपणाने नोंदवून ठेवले आहे की, उद्या गावगाडा पुरता नाहीसा झाला तरी त्या पानांवरून तो पुन्हा उभा करता येईल. पण गाव सोडून आलेला आमचा माणूस गिरणीत, गोदीत, रेल्वेत, कचेरीत आणि आता कंत्राटी कंपनीत ज्याच्यासाठी राबतो तो मालक कसा दिसतो? तो पगार कधी देतो आणि का कापतो? काम मागायला आलेल्या माणसाला तो काय विचारतो? या प्रश्नांची उत्तरे आमच्या साहित्यात शोधू गेल्यास हाताला फार थोडे लागते. राबणे आहे, बेकारी आहे, उपासमार आहे, वैफल्य तर पानोपानी आहे. मालक मात्र नाही.

ही केवळ लेखकांच्या अनुभवातली उणीव आहे असे मी मानत नाही. न दिसणे ही या देशातल्या मालकाची रीतच आहे. तो जॉबरच्या आड उभा राहतो, मुकादमाच्या आड उभा राहतो, निवड समितीच्या आड उभा राहतो आणि प्रसंगी कामगाराच्याच आड उभा राहतो. त्याला पाहण्यासाठी वेगळी नजर लागते. आमच्या काही लेखकांजवळ ती नजर होती. आमच्या समीक्षेजवळ मात्र ती नव्हती, हे मला या लेखात सांगायचे आहे.

प्रस्थापित समीक्षेने दलित साहित्यातल्या कामाकडे पाहिलेच नाही. तिला ‘वेदनेचा दाहक आविष्कार’ पुरेसा वाटला. वेदना कोणत्या पाळीत झाली, किती रोजावर झाली, हे विचारणे तिला अरसिकपणाचे वाटले असावे. आमच्या समीक्षेने वेगळी वाट धरली, पण तीही याच ठिकाणी येऊन थांबली. आत्मकथनाचा नायक शिकला, नोकरीला लागला की आम्ही दोनच गोष्टी म्हणालो. एक तर ‘अंधाराकडून प्रकाशाकडे’ असा गौरव केला, नाही तर ‘हा आता पांढरपेशा झाला, याची नाळ तुटली’ असा ठपका ठेवला. या दोन्ही मतांत एक गृहीत सारखेच आहे: नोकरी लागली की गोष्ट संपली. वास्तविक नोकरी शोधायला निघाल्यापासून दुसरी गोष्ट सुरू होते, आणि ती पहिलीइतकीच क्रूर असू शकते.

२

हे गृहीत आमच्यात रुजले त्याला सबळ कारण आहे. बलुत्याच्या पद्धतीत कामाला मोल नव्हते, कामाला वेळ नव्हती आणि कामाला नकारही नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले तेव्हा त्यांनी नेमके यावरच बोट ठेवले होते. वतनदार महार चोवीस तास सरकारचा आणि गावाचा ताबेदार. तो घरी नसेल तर त्याच्या घरातल्या माणसाने कामावर गेले पाहिजे. आणि मोबदला मात्र रयतेच्या मर्जीवर. दिला तर दिला, कमी दिला तर दाद कोठे मागायची? ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. ज्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या दारोदार भाकरी मागून कामाची किंमत घेतली, त्याला ठरलेल्या तारखेला मोजून मिळणारे रोख पैसे म्हणजे मुक्ती वाटली, यात नवल नाही. ती काही अंशी मुक्ती होतीही. मुंबईच्या गोदीत ओझे वाहणारा माणूस गावी परतताना अंगावर कोट घालून येई आणि त्या कोटाने चावडी अस्वस्थ होई, हा इतिहास लहान नाही.

परंतु शहराने रोख पैसा दिला आणि जात मागे ठेवली असे झाले नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, तो बाटेल म्हणून. गिरणीत विणकाम खात्यात पगार बरा, म्हणून बंदी तिथेच! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला आणि अखेर तो मागण्यांच्या यादीत घालण्यात आला. त्यावर मालकांनी काय केले? त्यांनी हात वर केले. हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. बंदी घालणारे म्हणे सवर्ण कामगार, मालक नव्हे.

या उत्तरावर आमच्या समीक्षेने थांबून विचार केला पाहिजे. गिरणी मालकाची, यंत्र मालकाचे, भरती करणारा जॉबर मालकाने ठेवलेला; फक्त अन्याय तेवढा कामगारांचा! खाते वेगळे राहिल्याने कामगार वेगळा राहिला, आणि वेगळा राहिलेला कामगार स्वस्तात पडला. या वेगळेपणाचा नफा कोणाच्या तिजोरीत गेला हे विचारल्याशिवाय जातीचे अर्थशास्त्र समजत नाही.

बाबासाहेबांना ते समजले होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. हे वाक्य आम्ही फार वेळा उद्धृत करतो आणि त्याच भाषणातला तपशील विसरतो. रेल्वेतला दलित कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, त्याला पोर्टरसुद्धा करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते, हे त्यांनी तिथे दाखवून दिले होते. म्हणजे सरकारी नोकरीतली बढती साहेबाच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी अडली होती. दोन शत्रू वेगवेगळ्या वाटांनी येत नाहीत. ते एकाच दारात भेटतात. ते दार कामाचे आहे.

३

आता साहित्याकडे येऊ. अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा बहुतेकांनी वाचली आहे. वारणेकाठचा भीमा पोट भरायला मुंबईला येतो. उपनगरातल्या दगडाच्या खाणीत त्याला काम मिळते. अंगात प्रचंड ताकद, हातात पहार, डोंगर फोडण्याचे काम. मग एक दिवस खाण बंद होते. बेकार झालेल्या भीमाला मसणातल्या राखेत सोने सापडते आणि तो राख चाळू लागतो, पुढे मढी उकरू लागतो. शेवटी कोल्ह्यांशी झुंजत उकरलेल्या प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती गमवावी लागतात. त्याच सुमारास खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

या कथेची चर्चा करताना आम्ही भीमाच्या धाडसाबद्दल बोलतो, दारिद्र्याच्या भीषणतेबद्दल बोलतो, स्मशानाच्या वर्णनाबद्दल बोलतो. खाण कोणी बंद केली, याबद्दल बोलत नाही. कथेत खाणीचा मालक येत नाही. तो का बंद करतो, पुन्हा का सुरू करतो, मधल्या दिवसांत कामगारांनी काय खावे असे त्याला वाटते, यातले काहीही कथेत नाही. अण्णा भाऊ कम्युनिस्ट चळवळीत वाढलेले लेखक. मालकावर चार जळजळीत वाक्ये लिहिणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ती लिहिली नाहीत, आणि मला वाटते इथेच या कथेचे सामर्थ्य आहे. भीमाला मालक जसा दिसला तसाच तो कथेत आहे: नुसता एक निर्णय. खाण बंद. खाण सुरू. पाऊस पडावा आणि थांबावा तशी ही बातमी कामगारापर्यंत येते, आणि मधल्या काळात त्याची बोटे जातात.

ती बोटे म्हणजेच भीमाचे भांडवल होते. ज्या बोटांनी दगड फोडायचा ती गेल्यावर सुरू झालेली खाण त्याच्या काय कामाची? काम सुरू झाले हे सुवार्तेसारखे कानावर येते आणि तीच त्याची शिक्षा ठरते. कामबंदीच्या काळात कामगार काय काय विकून बसतो याचा हिशेब कोणत्याही कारखान्याच्या ताळेबंदात नसतो. तो हिशेब या कथेत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढच्या वर्षांत लालबाग-परळच्या चाळींमधून जे घडत गेले, ते जयंत पवारांनी ‘अधांतर’ या नाटकातून मांडले. अण्णा भाऊंचे निधन १९६९ साली झाले. संप आणि त्यानंतरची वाताहत त्यांनी पाहिली नाही. पण मालक टाळे लावतो तेव्हा माणसाच्या हातांचे काय होते, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

४

अण्णा भाऊंची कथा काम जाण्याची आहे. बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही काम मिळाल्यानंतरची. १९६३ साली याच नावाच्या संग्रहात ती आली. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण सुरतेला येतो. त्याच्याजवळ सरकारी नेमणूक आहे, शिक्षण आहे, कविता आहे. नाही ते एकच: राहायला खोली. खोलीसाठी त्याला जात चोरावी लागते आणि चोरी उघडी पडल्यावर त्याच्याच सोबतचे कामगार त्याला मारतात. जात न लपवता ताठ उभा राहणारा काशिनाथ त्याच्या मदतीला येतो.

या कथेवर लिहिणाऱ्यांनी जात चोरण्याच्या नैतिक प्रश्नाचा बराच खल केला. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की या तरुणाने चोरी कामाच्या ठिकाणासाठी केलेली नाही. नोकरी त्याला स्वतःच्या नावावर मिळालेली आहे. तरीही नोकरी टिकवायची तर रात्री कुठे तरी पाठ टेकली पाहिजे, कुणाच्या तरी पंगतीत भाकरी खाल्ली पाहिजे. रेल्वेने त्याला हजेरीपटावर घेतले. त्याच्या निवाऱ्याची जबाबदारी मात्र तिच्या हिशेबात नाही. पुन्हा तेच घडते: मारणारे हात कामगारांचे आहेत आणि ज्याच्या नोकरीवर सगळे जमले तो रेल्वे नावाचा मालक कथेत कुठे नाही. १९२८ साली गिरणीमालकांनी जे उत्तर दिले त्याचा अर्थ इथे रक्ताने लिहिलेला आढळतो.

नोकरी शोधण्याचा अनुभव मात्र कुमुद पावडे यांनी जितका स्वच्छ मांडला तितका क्वचितच कोणी मांडला असेल. ‘अंतःस्फोट’ (१९८१) या त्यांच्या पुस्तकात त्यांच्या संस्कृतची कथा आहे. महार घरातली, नागपूरची, माहेरची सोमकुवर असलेली मुलगी संस्कृत घेऊन एम. ए. होते, चांगल्या गुणांनी होते, आणि तरीही नोकरी मिळत नाही. अर्ज होतात, मुलाखती होतात, थेट दिल्लीपर्यंत दाद मागून होते. पुढे मराठा-कुणबी समाजातल्या तरुणाशी लग्न होते, आडनाव पावडे होते आणि सरकारी महाविद्यालयात प्राध्यापकी मिळते. संस्कृत तेच, पदवी तीच, बुद्धी तीच. बदलले फक्त आडनाव. या नोकरीचे श्रेय सोमकुवरला नसून पावडेला आहे, हे त्या स्वतःच निःसंकोचपणे नोंदवतात.

ही साक्ष आहे. जिला वाङ्मयीन मूल्य शोधायचे आहे तिने ते या हिशेबीपणात शोधावे. इथे आक्रोश नाही. एका बाजूला पात्रता, दुसऱ्या बाजूला नाव, आणि मधे निकाल. ज्यांना ही एका व्यक्तीची कैफियत वाटली त्यांच्यासाठी पुढे समाजशास्त्राने तीच गोष्ट आकड्यांत सिद्ध केली. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले होते. अर्जांतली पात्रता सारखी, फरक फक्त नावांचा. दलित नावाच्या उमेदवाराला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या उमेदवाराच्या साधारण दोन-तृतीयांश भरली, आणि मुस्लिम नावाची अवस्था त्याहून वाईट, एक-तृतीयांश. कुमुदताईंच्या मुलाखती सरकारी होत्या, हे अर्ज खाजगी कंपन्यांचे. मधे चार दशके गेली. चाळणी तीच राहिली.

आणि इथेही मालक कुठे आहे? निवड समितीतला कोणीही म्हणत नाही की तुझी जात आड येते. ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असे लिहिले जाते. ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारली जाते. नकाराचे कारण कागदावर नसते, म्हणून ज्याला नकार मिळाला तो घरी जाऊन स्वतःत कारण शोधतो. इंग्रजी कच्चे असेल, बोलताना अडखळलो असेन, सदरा नीट नसेल.

५

यातूनच आमच्या साहित्यातले वैफल्य जन्मते, आणि म्हणून त्या वैफल्याची नीट तपासणी झाली पाहिजे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) कावाखान्यातली माणसे काय काय कामे करतात ते पाहावे. पुरुष गोदीत राबतात, बाया रस्त्यावरची चिंध्या, कागद, काचा वेचतात. वडील सुक्या गोदीत कामाला. मुलगा शिकतो आणि परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नोकरीला लागतो. ज्या मुलाच्या बापजाद्यांनी मेलेली ढोरे ओढली तो शिकून पुन्हा जनावरांच्याच दाराशी येतो, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पण ‘बलुतं’मधली ही कचेरी गावाइतकी, वाड्याइतकी ठसत नाही. लेखकाचा सगळा राग, सगळी लाज गावकुसाकडे आणि स्वतःकडे वळते. स्वतःला ‘दगडू’ म्हणून समोर बसवून त्याची झडती घेण्याची जी रीत या पुस्तकात आहे, तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. तरीही मला विचारावेसे वाटते, झडती नेहमी दगडूचीच का? साहेबाची का नाही?

लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त (१९८७) हा प्रश्न थोडा पुढे जातो. ज्या जमातीला इंग्रजांनी कायद्याने गुन्हेगार ठरवले तिच्यातला तरुण लातूरच्या सूतगिरणीत काम करतो, कामगारांना एकत्र आणतो आणि नोकरी घालवून बसतो. इथे मालक निदान प्रतिपक्ष म्हणून समोर आहे. संघटना आली की मालकाला तोंड दाखवावे लागते, हे या पानांवरून उमजते. संघटना नसेल तर तो मुकादमाच्या तोंडानेच बोलत राहतो.

स्त्रियांच्या लेखनात आणखी एक गोष्ट दिसते. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आई बांबूच्या टोपल्या, सुपे विणते. ती विकायला गेले की घेणारी बाई टोपलीवर पाणी शिंपडून ती आत घेते आणि पैसे वरून हातावर टाकते. टोपली शुद्ध होते, विणणारी होत नाही. या व्यवहारात घेणारीचा चेहरा स्पष्ट आहे, कारण व्यवहार दारात होतो आणि समोरासमोर होतो. तोच व्यवहार ठेकेदाराच्या मार्फत झाला की हात दिसत नाही, शिंपडलेले पाणीही दिसत नाही. विटाळ मात्र राहतो, आणि तो मजुरीच्या दरात उतरतो.

६

कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. माझे उत्तर असे की बलुते गेले, पण बलुत्याची रीत नव्या कागदावर परत आली आहे. तीन उदाहरणे देतो.

पहिले माझ्या घरचे. माझे आईवडील बीड जिल्ह्यातून दर हंगामाला ऊस तोडायला जात. कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दोन माणसे, चार हात, एक कोयता. हंगामाआधी मुकादम उचल देई आणि ती फिटेपर्यंत कोयता बांधलेला. एका दिवसाचा खाडा पडला तर दंड. आईने पहाटे तीनला उठून मोळ्या बांधल्या, पण तिच्या नावाची मजुरी कधी कोणत्याही कागदावर लागली नाही. कारखाना म्हणतो, हे मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी कारखान्याचा माणूस. साखर मात्र कारखान्याची, यावर दोघांचे एकमत!

दुसरे मुंबईचे. शहराचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना महापालिका आपले कामगार मानायलाच तयार नव्हती. कंत्राटांचे लहान लहान तुकडे केले म्हणजे कंत्राटी कामगारांच्या कायद्याची संख्या भरत नाही. कामगाराला ‘स्वयंसेवक’ म्हटले म्हणजे पगाराऐवजी मानधन देता येते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे न्यायालयांत झुंज दिली आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २७०० कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. त्यानंतरही कित्येकांचे काम अडले ते नावांच्या लेखनातल्या फरकावरून. एका कागदावर एक नाव, दुसऱ्या कागदावर काना-मात्रा वेगळी. हातांनी घाण उचलताना नाव विचारले नव्हते. हक्क देताना नावाची अक्षरे तपासली गेली. ही माणसे बहुतांशी कोणत्या समाजातली आहेत, हे या त्रैमासिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

तिसरे उदाहरण माझ्या स्वतःच्या पेशाचे. मी गेली सात वर्षे महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. दर तासाला ठरलेले पैसे, सुट्टीला पैसे नाहीत, आणि मिळायचे ते महिनोन्‌महिने उशिरा. नेमणुकीच्या पत्रातच लिहिलेले असते की या पदावर तुमचा कोणताही हक्क राहणार नाही. कायम पदासाठी एका संस्थेत मुलाखतीला गेलो होतो. विषयतज्ज्ञांनी विषयातले प्रश्न विचारले, एका पदाधिकाऱ्याने गाव कोणते आणि वडील काय करतात हे विचारले. आकडा मात्र सांगितला संस्थेच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर, एका माणसाने. त्या माणसाचे नाव संस्थेच्या कोणत्याही कागदावर नाही. मला त्या क्षणी वडिलांचा मुकादम आठवला. ऊस असो की अध्यापन, मधला माणूस तोच.

राखीव जागांचे काय, असे कोणी विचारील. राखीव जागा पदाला असते. पदच उरले नाही तर राखीव काय ठेवणार? ६ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला होता. तरुणांनी ओरड केली म्हणून ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. निर्णय मागे गेला. बाह्ययंत्रणेची पद्धत मागे गेली नाही. शासन स्वतःच जेव्हा मधल्या माणसाच्या आड उभे राहू लागते, तेव्हा संविधानाने दिलेला हक्क कोणाच्या दारात मागायचा? चोवीस तास ताबेदारी, मर्जीवर मोबदला, दाद मागायला जागा नाही, ही बलुत्याची लक्षणे मी वर सांगितली. वाचकाने ती आजच्या कंत्राटाशी ताडून पाहावीत.

७

समीक्षेचे काम इथून सुरू होते. माझ्या वर्गात बसणारी मुले बहुतेक माझ्यासारखीच, घरात पहिल्यांदा शिकलेली. त्यांतली कितीतरी कविता लिहितात. त्या कवितांत पदवीची भेंडोळी आहे, रांगा आहेत, बापाच्या डोळ्यांतली विझलेली आशा आहे, आणि शेवटी जवळजवळ नेहमी स्वतःचा धिक्कार आहे. ‘मीच नालायक’ हा सूर ऐकला की मी अस्वस्थ होतो. गावकुसाबाहेरच्या माणसाला पूर्वी कर्माचा सिद्धान्त सांगितला जाई: तुझे भोग तुझ्या मागच्या जन्माच्या पापाचे. आज त्याला गुणवत्तेचा सिद्धान्त सांगितला जातो: तुझी बेकारी तुझ्या कमतरतेची. दोन्ही सिद्धान्तांचा उपयोग एकच, मालक सुटतो.

आमच्या साहित्याची पहिली मोठी कामगिरी अशी की त्याने कर्माचा सिद्धान्त मोडला आणि पाटलाला नाव घेऊन उभे केले. दुसरी कामगिरी बाकी आहे. वैफल्याला पत्ता देणे ही ती कामगिरी होय. ज्या कवितेत बेकारी आहे तिला विचारले पाहिजे: जाहिरात कोणी काढली होती? मुलाखतीत काय विचारले? नकाराचे पत्र आले की आलेच नाही? ज्या कथेत राबणे आहे तिला विचारले पाहिजे: हजेरी कोण मांडतो, पगारातून काय कापले, उचल किती, पावती कुठे आहे? हे प्रश्न वाङ्मयबाह्य आहेत असे जो म्हणेल त्याने कुमुद पावडे यांचा लेख पुन्हा वाचावा. त्यातली धार नेमक्या तपशिलाची आहे. अण्णा भाऊंची कथाही पुन्हा वाचावी. त्यात मालक नाही, पण त्याची गैरहजेरी लेखकाने इतकी अचूक मोजली आहे की ती हजेरीपेक्षा जड वाटते. लेखकाने मालक दाखवावाच असा माझा हट्ट नाही. तो दिसत नसेल तर का दिसत नाही याचे भान लेखनात असावे, एवढाच आग्रह आहे. नाही तर कामगार कामगाराला मारत राहील, कवी स्वतःला शिव्या घालत राहील, आणि आम्ही समीक्षक त्याला उत्कट आत्मशोध म्हणत राहू.

गिरणीतला जॉबर, उसाच्या फडातला मुकादम, कचऱ्याच्या गाडीवरचा ठेकेदार, टपरीवर आकडा सांगणारा बिननावाचा माणूस, हे सगळे आमच्या साहित्यात यायला हवेत. त्यांच्या मागे जो उभा आहे त्याच्यापर्यंत वाट यांच्यावरूनच जाते. ती वाट कामगाराला रोजची ठाऊक आहे. लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने ती आता चालून पाहावी.